पोस्टरवरची खडूस बाई

६ नोव्हेंबर

प्रिय बटण,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडताच टोपलीत टाकशील, म्हणून पत्ता मी आमच्या काडीकडून लिहून घेतलाय. फसलीस ना? आता फोडलंच आहेस तर वाच.

काडी म्हणजे आमची डिझायनर. नवनवी अक्षरं घडवते. अंगाने काडी आणि जिभेने पेटलेली काडी. तुला आवडेल.

फोन केला नाही, कारण तो तू ठेवून देतेस. मागच्या खेपेला माझं 'हॅलो'सुद्धा पुरतं झालं नव्हतं. मग मीही नाद सोडला. राग धरून बसायचा सराव मला तुझ्यापेक्षा जास्त आहे, हे काय मी तुला सांगायला हवं?

तर मुद्द्याचं. या डिसेंबरात आपल्या बर्फखान्याला बारा वर्षं होतील. 'आपल्या' मुद्दाम लिहिलंय. बंद पडलेल्या त्या बर्फाच्या कारखान्याचं कुलूप आपण दोघींनी मिळून उघडलं, आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या एक तान घेऊन "ताई, इथे आवाज बघ कसा फिरतो!" असं नाचलीस ती तू. मग उद्घाटनाला तूच गायला बसलीस, पहिला अंतरा संपवलास, आणि भरल्या सभेतून उठून चालती झालीस. पायात दुसऱ्याच कोणाच्या तरी चपला घालून! मी तिथे उभी राहून दात काढत "जरा तब्येत बरी नाही" वगैरे काहीबाही बडबडत होते. का गेलीस ते आजतागायत सांगितलं नाहीस.

असो. (असो म्हणजे सोडून दिलं असं समजू नकोस.)

आता जागा बघायला हवीस. जिथे बर्फाच्या लाद्या फोडायचे त्या खोलीत चित्रं लागतात, मोठ्या हॉलमध्ये गाणं-वाजवणं होतं, आणि छताला लाद्या उचलायचे जे आकडे होते त्यांना आम्ही दिवे टांगलेत. चित्रं काढणारे, पोस्टरं करणारे, गाणारे, वाजवणारे, ज्यांना अजून कोणी ओळखत नाही असे सगळे इथे येतात आणि इथून ओळखीचे होऊन बाहेर पडतात. कोण कोण पुढे गेलं त्याची नावं मी मिरवत नाही. मिरवायला बसले तर तिकिटं जास्त लावावी लागतील.

आमची एक रीत आहे, ती तू गेल्यावर सुरू झाली. पहिल्या पहिल्यांदा लोक काय यायचे, तर भाच्याचं चित्र बघायला आणि साहेबांच्या मुलीची गिटार ऐकायला. बाकीच्यांकडे ढुंकून बघत नसत. माझं डोकं फिरलं. तेव्हापासून नव्या माणसाचं काम आठवडाभर बिननावाचं लागतं. गाणारा असेल तर तो पडद्यामागून गातो. कोणाचं काम ते विचारायचं नाही, ओळखलं तरी तोंडाला कुलूप. शेवटच्या संध्याकाळी ज्याचं त्याने यायचं, कोळशाचा तुकडा उचलायचा आणि आपल्या कामाशेजारी भिंतीवर स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. जो येत नाही त्याचं काम बिननावाचंच उतरतं आणि परत जातं. आम्ही कोणाच्याही वतीने नाव लिहीत नाही. पार्सलं आमच्या फ्रेमवाल्या काकांच्या दुकानात येतात आणि कोणी पाठवलं ते फक्त त्यांना माहीत असतं. काका म्हणजे बँकेची तिजोरी.

तर या वर्षी डिसेंबरातल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तू गा. तेच, अर्धं टाकून गेलेलं गाणं पुरं कर. बाबांचं आवडतं होतं. जन्मभर लोकांचं उसवलेलं शिवत बसले ते, आणि त्यांच्याच पोरींनी एवढं उसवलेलं अंगावर वागवावं हे काही बरं दिसत नाही.

तुझी,
ताई
(बाबांची कात्री. तू बटण, मी कात्री. नावं ठेवायला शिंपीच हवा.)


१८ नोव्हेंबर

बटण,

पोस्टकार्ड मिळालं. "गाणार नाही. तब्येत सांभाळ." चार शब्द! लोक तारेतसुद्धा याहून जास्त लिहायचे.

तब्येत उत्तम आहे माझी. कोणी तरी विचारावं म्हणून सांगते.

बरं, नको गाऊस. मी काही पाया पडणार नाही. उद्घाटनाला आमचा ठोक्या ढोलकी वाजवेल. हा मुलगा टेबल, डबा, स्वतःचं पोट, जे समोर येईल ते वाजवतो आणि सगळंच चांगलं वाजवतो. तुझ्यावाचून अडलेलं नाही.

पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि या विषयावर बोलावं असं मला तू सोडून कोणी नाही. परवा आम्ही प्रदर्शनासाठी कामं निवडली. एवढा मोठा ढीग आला होता. निम्म्यांनी सूर्यास्त पाठवले होते. सूर्य एकदाचा बुडू का देत नाहीत हे लोक? मग काकांनी एक गठ्ठा उलगडला आणि सगळे पुढे सरकले. पेन्सिलीची चित्रं. दुसरं काही नाही, नुसती ऐकणारी माणसं. एक म्हातारी आहे, कानात नवं मशीन बसवलंय आणि बहुतेक पहिल्यांदाच काहीतरी ऐकू आलंय. तिला हसावं की रडावं ते समजत नाहीये. एक माणूस भिंतीला कान लावून उभा आहे. एक बाई फोन कानाशी धरून नुसती मान हलवतेय. बटण, मी इतकी वर्षं चित्रं बघतेय, पण ऐकणं असं डोळ्यांना दिसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हात शिकलेला नाही, हे मला दिसतं. रेघ कुठे कुठे अडखळते. पण नजर! असली नजर शिकवून येत नाही.

त्यातलं एक चित्र सांगते. पहिल्या रांगेत दोघं शेजारी शेजारी बसलीत. एक म्हातारा, तोंड जरासं उघडं, बोटाला कसलीशी पट्टी गुंडाळून घेतोय. काडी म्हणाली बँडेज असेल. आणि त्याच्या शेजारी एक बाई. ओठ घट्ट मिटलेले, भुवया आवळलेल्या, अंगठा बोटाच्या पेरावर. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "ही बाई गाणं ऐकत नाहीये. भाजीवाल्याने सुटे किती परत दिले ते मोजतेय. काय खडूस आहे हो!"

ठोक्याला असा काही ठसका लागला की बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. काडी छताकडे बघत होती. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे काही नाही, धूळ फार आहे.

सगळी चित्रं एकमताने घेतली. या वर्षीचं पोस्टर यातूनच करणार, आणि मी स्वतः करणार. त्या खडूस बाईचंच. म्हाताऱ्याला कापते आणि तिला मोठी करते. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवायची ताकद आहे त्या तोंडात.

ताई


२६ नोव्हेंबर

बटण,

उत्तर नाही. नसू दे. मला लिहायची सवय लागलीय.

पोस्टर झालं! पिवळ्या जमिनीवर ती बाई, खाली काडीची जाडजूड अक्षरं: 'कोण ऐकतंय?' बसथांब्यांवर, वाचनालयात, दातांच्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे लागलंय. असं पोस्टर मी आजवर केलेलं नाही, हे मी नम्रपणे बिलकूल सांगत नाहीये.

आणि काय सांगू, लोक वेडे झालेत. मी रस्त्याने निघाले की हसतात, हात करतात. दूधवाला, ज्याने जन्मात कधी चित्राकडे बघितलं नाही, तो म्हणतो, "ताई, झकास आलंय." दातांचा डॉक्टर म्हणाला, "हुबेहूब!" मी म्हटलं, हुबेहूब कशाच्या? तर लगेच म्हणाला, तोंड उघडा. एका पोस्टरने माणूस एवढा प्रसिद्ध होतो हे मला ठाऊक नव्हतं.

त्या चित्रकाराचं आता सोनं होणार बघ. शेवटच्या संध्याकाळी येऊन त्याने नाव लिहिलं की झालं.

ताई


४ डिसेंबर

बटण, बये,

आज सकाळी मी समोरच्या चष्मेवाल्याकडे गेले. जवळचं दिसेनासं झालंय. एकेक फ्रेम लावून आरशात बघत होते, एकही धड बसेना, म्हणून साहजिकच तोंड वाकडं झालं. चष्मेवाला म्हणतो, "हां ताई, अस्संच ठेवा! आता बरोबर पोस्टर." आरशात माझ्या खांद्यामागे त्याच्या काचेच्या दारावर लावलेलं ते पोस्टर दिसत होतं. एक बाई पिवळ्यावर, एक बाई आरशात. भुवया त्याच. ओठ तेच. अगं, अंगठासुद्धा पेरावर तसाच. मी फ्रेमा मोजत होते!

अख्ख्या शहराच्या भिंतींवर माझं थोबाड लावलंय, आणि ते मी लावलंय, माझ्या हाताने, पिवळ्यावर!

आपण आरशात बघतो तेव्हा तोंड जरा बरं करून बघतो. म्हणून ओळखलं नाही. बाकी शेंबड्या पोराने ओळखलं. आणि ही सगळी मंडळी नियम म्हणून गप्प बसली. नियम कोणी केला, तर मी.

न ठरलेला चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवून मी पळत बर्फखान्यात आले आणि मूळ चित्रासमोर उभी राहिले. मग म्हातारा दिसला. बोटाला ती पट्टी. बँडेज कसलं डोंबलाचं! माप घ्यायची टेप. गाणं रंगात आलं की बाबा ती बोटाभोवती गुंडाळायचे आणि सोडायचे. मी जन्मभर त्यांच्या शेजारी बसले, म्हणून मला माहीत होती ती टेप आणि त्यांचा एक कान. समोरून, गाणं ऐकताना, बाबा कसे दिसायचे ते मी कधी बघितलंच नव्हतं. ते बघायला समोर बसून गावं लागतं.

नियमाप्रमाणे मी तुला काहीही विचारू शकत नाही. म्हणून विचारत नाहीये. मी फक्त माझ्या बहिणीला घरातलं सांगतेय.

शेवटच्या चित्रात त्या बाईशेजारची खुर्ची रिकामी आहे. बारा वर्षांपूर्वीच्या त्या उद्घाटनाला बाबा जाऊन महिना झाला होता आणि त्यांची खुर्ची मीच रिकामी ठेवायला लावली होती. मला वाटायचं तू डोळे मिटून गातेस! तू तर बघत होतीस. बाबा होते तोवर एक ऐकणारा आणि एक मोजणारी, तुझं भागत होतं. त्या दिवशी वर बघितलंस तर नुसती मोजणारी उरली होती.

आता नीट ऐक. होय, मी चुका मोजायचे. घरी आल्यावर एकेक सांगायचेही. मोजल्या म्हणून तू तशी गायचीस, आणि यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण मला सांगायचं होतंस ना गं! भांडायचं होतंस, ताट आपटायचं होतंस. मी काय वाघ आहे? बारा वर्षं मला वाटत राहिलं की जागा वाईट होती, किंवा आवाज बसला होता, किंवा मीच कुणाला तरी नकोशी झाले होते. दुपारभर मी त्या चित्रासमोर रडले. काडीने येऊन दार लावून घेतलं, म्हणजे कोणी बघायला नको.

गाणं राहू दे. मी ते परत मागणार नाही. तुला गायला बोलावत होते तेव्हा माझ्या समोरच्या भिंतीवर तू दुसरंच काही घेऊन आली होतीस, आणि ते जास्त चांगलं आहे. पंधरा तारखेला, रविवारी, शेवटच्या संध्याकाळी ये आणि नाव लिही.

कात्री


१० डिसेंबर

बटण,

तुझं कार्ड: "चित्रं कुरियरने परत पाठव. मी येणार नाही."

बघ हं, मी काही विचारलं नव्हतं. तूच कबूल झालीस. आणि या खेपेला सात शब्द! सुधारणा आहे.

प्रदर्शन सुरू झालंय आणि दाराशी गर्दी आहे. पडद्यामागे एक मुलगी सारंगी वाजवते, तिचा नुसता आवाज ऐकून एका नाटकवाल्याने तिला कामाचं विचारलं. आम्ही म्हटलं, रविवारी या, नाव कळेल. तुझ्या खोलीत लोक कुजबुजत बोलतात. कानाचं मशीन लावलेल्या म्हातारीसमोर काल एक म्हातारे गृहस्थ किती तरी वेळ उभे होते. मग त्यांनी आपलं मशीन काढून पुसलं आणि पुन्हा लावलं. आता समजलं, तू कुठल्या दवाखान्यात रिसेप्शनला बसतेस. मला नुसतं 'दवाखाना' एवढंच कळवलं होतं लोकांनी.

आणि एका मोठ्या गॅलरीची बाई आली होती. सगळी चित्रं आपल्याकडे दाखवायची म्हणाली, येत्या वर्षातच. पण बिननावाची नाही. मी म्हटलं, रविवारी. ती म्हणाली, तुम्हाला माहीत असेलच की कोण ते, आत्ताच सांगा. तोंडाशी आलं होतं, बटण. जीभ चावून गप्प बसले. माझ्यासाठी एक नियम आणि पोरांसाठी दुसरा, असं करून मी हे घर बारा वर्षं चालवलेलं नाही.

तेव्हा हे स्पष्ट समज. रविवारी दिवे मालवेपर्यंत तू आली नाहीस, तर तुझी चित्रं बिननावाची उतरतील, काका ती नीट गुंडाळतील, आणि कुरियर तू म्हणतेस तसं येईल. मी एक अक्षरही लिहिणार नाही. तुझं नाव तूच लिहायचंस.

ये गं. भांडायला ये हवं तर.

कात्री


१६ डिसेंबर

बटण, माझे बटण,

तू सकाळच्या गाडीने गेलीस आणि मी लगेच लिहायला बसले, कारण काल तू रस्त्यावर होतीस तेव्हा आत काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, आणि रात्री आपण दोघी नुसत्या एकमेकींच्या अंगावर ओरडत होतो. काय बरं वाटलं!

तर ऐक. सगळ्यांची नावं लिहून झाली. सारंगीवाल्या मुलीने लिहिलं तेव्हा तिच्या आईने शिट्टी मारली. तुझी भिंत कोरी. गॅलरीची बाई घड्याळ बघतेय. काका माझ्याकडे बघेनात. मी हवा खायला खिडकीशी गेले, तर समोर चष्मेवाल्याच्या दुकानाबाहेर तू! माझ्याच पोस्टरशेजारी उभी. हातात पिशवी. रस्ता ओलांडू की नको, ओलांडू की नको.

हाक मारावी म्हटलं तर नियम. धावत खाली जावं तर तू पळशील, तुझा भरवसा नाही. आत ठोक्या म्हणाला, "ताई, दिवे मालवू?"

मी म्हटलं, थांब. आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडून, बर्फखान्याच्या मधोमध उभी राहून मी गायला लागले.

हो. मी. कान बाबांचा आणि गळा कावळ्याचा असलेली मी. तू पहिला अंतरा संपवून उठलीस ना, तिथून पुढे. दुसरा अंतरा. गर्दीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. काडीने डोळे झाकून घेतले. ठोक्या बिचारा चांगला, त्याने पुढ्यातल्या खुर्चीवर हळूच ठेका धरला, पण मी त्याच्याही हाती लागेना. आणि समोर बघते तर, बटण, सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. काही ऐकत होती, काही मोजत होती. तिथे उभं राहिलं की सगळं दिसतं गं! तू हे इतकी वर्षं कसं सोसलंस?

थांबले मात्र नाही. शेवटपर्यंत गायले. आणि शेवटच्या ओळीला दारातून तुझा आवाज आला, बारा वर्षांनी ऐकलेलं तुझं पहिलं धड वाक्य: "ताई, बास! काय वाट लावलीयस त्याची!"

मग तू तरातरा चालत आलीस आणि सगळ्यांदेखत मला सुनावलंस. इथे घसरलीस, तिथे श्वास तुटला, त्या जागेवर तर गेलीच नाहीस. बोटांच्या पेरांवर मोजून. तुला कळलंसुद्धा नाही तू काय करतेयस. काडीला कळलं. ती बाजूला बसून भराभर तुझं चित्र काढत होती. भुवया आवळलेल्या, अंगठा पेरावर. पुढच्या पोस्टरला घेणार म्हणते. मी परवानगी दिलीय.

आणि रागारागातच तू कोळसा उचललास आणि भिंतीवर लिहिलंस: बटण. गॅलरीच्या बाईने विचारलं, हे आडनाव का? तू म्हणालीस, "नाही. आमच्या बाबांनी ठेवलेलं आहे." तेवढं बोलून तू रडलीस, आणि मग मला काही दिसेना. नवा चष्मा असून.

त्या बाईला तुझा पत्ता दिलाय. आता तू दिसतेस, म्हणून आता चालतं. चित्रं काका स्वतः घेऊन जाणार आहेत, कुरियरवर त्यांचा विश्वास नाही. नावांची भिंत आज रीतीप्रमाणे रंगवणार, सगळी. तुझ्यासाठी मी एक कोपरा राखेन असं वाटलं असेल तर ते सोड. पुढच्या माणसाला कोरी भिंत लागते. लोकांनी वाचायचं ते वाचलंय.

एक तेवढं राहिलं. काल गाणं झाल्यावर तू मोजून म्हणालीस, पाच चुका. मी कान उघडे ठेवून गात होते, बटण. सात होत्या. दोन तू सोडून दिल्यास.

मी तुझी एकही कधी सोडली नव्हती.

तुझी,
कात्री